काटे नसलेलं घड्याळ जरा बाजूला ठेव

प्रिय दोस्ता,

तुझी टिपणं वाचली. 'वाइल्ड स्ट्रॉबेरीज' (१९५७) या चित्रपटावर एवढं लिहिलंस आणि त्यातलं निम्मंअधिक म्हाताऱ्या इसाकच्या स्वप्नातल्या त्या बिनकाट्यांच्या घड्याळावर! काळ, मृत्यू, वगैरे वगैरे. चूक काहीच नाही, पण ते घड्याळ कोणाच्याही नजरेतून सुटत नाही. स्वीडिश दिग्दर्शक इंग्मार बर्गमनने तशी सोयच करून ठेवली आहे.

मला वाचायचं होतं ते नंतरचं. इसाक आईला भेटायला जातो. जुन्या वस्तू दाखवता दाखवता ती तसंच बिनकाट्यांचं सोन्याचं घड्याळ काढते. घराण्यातल्या एका पोराची पन्नाशी आली आहे, त्याला द्यायचा तिचा विचार आहे. काटे काय, बसवून घेता येतील! पहाटे स्वप्नात मुलाला ज्यानं घाम फोडला, ते आईच्या लेखी नुसतं दुरुस्तीचं काम. इसाकचा चेहरा त्या क्षणी पुन्हा बघ. इसाक झालेला व्हिक्टर स्योस्त्रॉम स्वतः मूकपटांच्या काळातला मोठा दिग्दर्शक. चेहरा किती कमी हलवायचा, हे त्याला कोणी शिकवायला नको.

आता बर्गमनचाच 'विंटर लाइट' (१९६३) घे. देवाचं मौन हा विषय आहे हे तुला ठाऊक आहेच, म्हणून तो विसरूनच बस. पाद्री तोमासला सर्दी-ताप आहे. श्रद्धा डळमळलेला हा माणूस नाक पुसतो, खोकतो. ऑर्गनवाल्याचं लक्ष हातातल्या घड्याळाकडे. शिक्षिका मार्ताच्या हातांवरचा इसब तिच्या पत्रात येतो, आणि ते पत्र मार्ता झालेली इन्ग्रिड थुलीन थेट कॅमेऱ्यात बघून म्हणते. किती तरी वेळ कट नाही! छायाचित्रणकार स्वेन नूक्विस्ट आणि बर्गमन यांनी आधी चर्चमध्ये बसून उजेड कसा सरकतो ते निरखलं होतं. म्हणून त्या करड्या उजेडात सावल्या जवळजवळ नाहीतच.

आणि त्यातलाच नदीकाठ. कोळी योनासनं जीव दिला आहे. कॅमेरा लांब उभा, पाण्याचा आवाज एवढा की बोलणं कानावर येतच नाही. करुण संगीत नाही की डोळ्यांचा क्लोजअप नाही. माणसं फक्त कामं उरकतात.

त्याच्याच 'द सेव्हन्थ सील'मध्ये (१९५७) माणसाच्या रूपातला मृत्यू झाड करवतून नटाला नेतो, आणि लगेच बुंध्यावर एक खार येऊन बसते. तिचा अर्थ लावू नकोस, कृपा करून! 'द सायलेन्स'मधला (१९६३) मुलगा म्हाताऱ्या वेटरनं दिलेले फोटो गालिच्याखाली सारतो, तेही नुसतं नोंदव. अर्थ लावायची घाई समीक्षकांना असते, तुला एवढ्यात कशाला?

यापुढे टिपण काढताना पहिलं पान फक्त क्रियापदांचं ठेव: कोण काय उचलतं, कुठे ठेवतं, कधी खोकतं. सुरुवात नदीकाठच्या प्रसंगापासून कर आणि तेवढंच पाठव. निष्कर्ष असतील तर मी खोडून परत पाठवीन.

तुझा,
काका