चाइल्ड प्रोसेस म्हणजे ‘बालप्रक्रिया’ का? मी लेक म्हणेन

ताई, तुमचा प्रश्न वाचून कालपासून डोक्यात हेच चाललंय. तुम्ही ठाण्यात डिप्लोमाच्या मुलांना ऑपरेटिंग सिस्टीम शिकवता, त्यांच्यासाठी मराठीतून नोट्स काढताय, आणि एका प्रोग्रामने दुसरा प्रोग्राम चालू करून त्याच्याशी देवाणघेवाण करायची या धड्यात तुम्ही चाइल्ड प्रोसेसला (म्हणजे असा चालू केलेला दुसरा प्रोग्राम) बालप्रक्रिया, स्पॉनला (तो चालू करणं) प्रजनन, फोर्कला (चालत्या प्रोसेसने स्वतःची दुसरी प्रत काढणं) काटा आणि कम्युनिकेटला (त्याला इनपुट देऊन आउटपुट घेणं) संवाद असं लिहिलंत तर वर्गात हशा पिकला. मग नेमकं काय लिहायचं, की सरळ इंग्रजी शब्दच ठेवायचे, असं तुम्ही विचारलंय. मी महाप्याला नोकरी करतो, रोज याच गोष्टींशी गाठ असते, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी बालप्रक्रिया. बाल शब्द समासात पुढे आला की तो वयाबद्दलच बोलतो. बालवाडी, बालनाट्य म्हणजे लहान मुलांसाठीचं आणि बालवय, बालसूर्य म्हणजे कोवळं, नुकतंच उगवलेलं. त्यामुळे बालप्रक्रिया वाचल्यावर मुलांना लसीकरण किंवा अंगणवाडी आठवली तर त्यात त्यांची काय चूक! इंग्रजीत चाइल्ड हा एकच शब्द वयासाठीपण आहे आणि नात्यासाठीपण. आपल्याकडे मात्र हे दोन अर्थ वेगळे पडलेत. बालक, पोर, लहानगं हे वय झालं, आणि लेक, अपत्य, संतती हे नातं झालं. माझी आई ६८ वर्षांची आहे पण चरईत आजीच्या घरी पाऊल टाकलं की ती लेकच असते, तिला बालक कोणी म्हणणार नाही. कॉम्प्युटरमधल्या चाइल्डला वयाशी काहीच देणंघेणं नाही, तिला कोणी चालू केलं एवढंच त्या शब्दात आहे. वेब सर्व्हर सुरू झाला की आपल्या हाताखाली पाच-दहा प्रोसेस सोडून ठेवतो आणि त्या महिनोन्महिने चालत राहतात, किंवा साध्या शेलमधून, म्हणजे कमांड टाइप करतो त्या प्रोग्राममधून, तुम्ही ब्राउझर उघडलात तर लेक आईच्या कितीतरी पट मेमरी खाते, आता हिला बाल कसं म्हणायचं?

म्हणून माझं मत लेक. आणि एक मजा बघा, मराठीत प्रोसेस हा शब्द आपण सगळेच स्त्रीलिंगी वापरतो, प्रोसेस चालू झाली, प्रोसेस अडकली, प्रोसेस मेली, त्यामुळे ‘ती तिची लेक’ हे बोलताना आपोआप बसतं. खूप लेकी असलेली प्रोसेस असेल तर लेकुरवाळी असा आयता शब्द आहे, इतका सुंदर शब्द दुसऱ्या कुठल्या भाषेत या जागी असेल असं मला वाटत नाही. परीक्षेच्या उत्तरात लेक लिहायला संकोच वाटत असेल तर अपत्य लिहा, तेही नात्याचंच नाव आहे, फक्त त्याला सरकारी फॉर्मचा वास येतो.

प्रक्रिया शब्द मात्र मी इथे सोडून देईन. प्रक्रिया म्हटलं की सांडपाण्यावरची प्रक्रिया, प्रवेश प्रक्रिया, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी होणारं काम डोळ्यासमोर येतं, आणि उपप्रक्रिया म्हटलं तर त्यातली एक पायरी. इथे तर चालू असलेला, स्वतःचा नंबर आणि स्वतःची मेमरी असलेला अख्खा प्रोग्राम आहे. त्यापेक्षा प्रोसेस ठेवा. पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत २००४ साली २.४ व्हर्जनबरोबर सबप्रोसेस नावाचं मॉड्यूल आलं, त्यातल्या सबला उप लावायची काही गरज नाही कारण आपल्याकडे पोट आहे ना! पोटकलम, पोटजात, पोटनिवडणूक, आणि ठाण्यात ज्याने कधी भाड्याने खोली घेतलीय त्याला पोटभाडेकरू समजावून सांगावा लागत नाही. पोटप्रोसेस. यात सबसुद्धा आलं आणि पोटची लेक म्हणतो तो पोटसुद्धा आला.

आता पेरेंट. इथे तुम्ही पालक लिहिलंय आणि पहिल्यांदा मलाही ते चालेल असं वाटलं, पण पालक म्हणजे पाळणारा, जन्म देणारा असेलच असं नाही, आणि युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये नेमका हाच फरक खरोखर कामाला येतो. आई आधी मेली आणि लेक चालूच राहिली तर लेक अनाथ होते, मग सहसा १ नंबरची प्रोसेस, म्हणजे सिस्टीम सुरू होताना सगळ्यात आधी चालू होते ती, तिला दत्तक घेते. त्यानंतर लेकीला विचारलं तुझी पेरेंट कोण तर ती १ सांगते. म्हणजे जन्म देणारी ती आई आणि मागाहून सांभाळणारी ती पालक, हे दोन शब्द वेगळे ठेवलेत तर तुमच्या मुलांना हा भाग एका वाचनात समजेल. इंग्रजीत दोघींनाही पेरेंटच म्हणतात त्यामुळे तिथे गोंधळ होतो, मराठीत करायचं कारण नाही.

याच्याच जवळचा दुसरा शब्द झोंबी, त्याला तुम्ही भूत लिहिलंय. नको, कारण भूत काहीतरी करत असतं, त्रास देतं. झोंबी प्रोसेस काहीच करत नाही. तिचं काम संपलेलं असतं, मेमरी परत गेलेली असते, फक्त प्रोसेसच्या यादीत तिची एक ओळ राहिलेली असते कारण ती कशी संपली, नीट की चुकून, तो आकडा आईने अजून वाचलेला नसतो. आईने वेट (लेक संपेपर्यंत थांबून तिचा आकडा घे) म्हणून तो आकडा घेतला की ओळ पुसली जाते. आता हे आपल्या घरातलंच आहे, माणूस गेला पण रेशनकार्डावरून नाव कमी केलं नाही. मी नव्या मुलांना असंच सांगतो, झोंबी म्हणजे नाव कमी न केलेली प्रोसेस, आणि मग ती किल केली तरी यादीतून का जात नाही हा प्रश्नच कोणी विचारत नाही, कारण जी गेलीच आहे तिला परत काय घालवणार, नाव कमी करायचं काम घरच्यांचं. आईच गेली तर १ नंबरवाली पालक ते नाव कमी करते.

स्पॉनला प्रजनन नको हे तर तुम्हालाच पटलंय. स्पॉन म्हणजे मासे-बेडकांनी एकदम ढीगभर अंडी सोडणं, आपल्या कोळीवाड्यात ज्या अंड्यांना गाभोळी म्हणतात ती. त्यातलं सोडणं तेवढं उचला. पाणी सोडतो, लोकल सोडतात, कामावर माणूस सोडतो, तसंच मागे एक प्रोसेस सोडली. ऐरोली-महाप्याच्या ऑफिसांत आम्ही स्पॉन केलं असंच म्हणतो हे खरं, पण सोडली म्हटलं तर कोणालाही अडत नाही.

फोर्क मात्र वेगळा, त्यावर मी जरा थांबणार आहे कारण काटा लिहिल्याने अर्थच हरवतो. १९६३ साली मेल्विन कॉनवे या संगणकतज्ज्ञांनी एका लेखात फोर्क आणि जॉइन हे शब्द मांडले, त्यातला फोर्क रस्त्याचा आहे, जेवणाच्या टेबलावरचा नाही. आणि रस्त्याच्या फोर्कला मराठीत काय म्हणतात ते तुमचे विद्यार्थी रोज बसच्या पाटीवर वाचतात. शीळफाटा! मुंब्र्याकडून एकच रस्ता येतो आणि तिथून एक कल्याणकडे, एक महाप्याकडे, एक पनवेलकडे फुटतो. नदीला, कालव्याला, रस्त्याला फाटा फुटतो तसा चालत्या प्रोसेसला फाटा फुटतो. त्या क्षणापर्यंतचं सगळं दोघींचं सारखं असतं, पुढे दोघी त्याच ओळीपासून आपापल्या वाटेने जातात, फरक एवढाच की फोर्कचं उत्तर म्हणून आईला लेकीचा नंबर मिळतो आणि लेकीला शून्य मिळतं, त्यावरून आपण कुठल्या वाटेवर आहोत हे तिला कळतं. फक्त एक सांभाळा, फाटा फुटणे लिहा, फाटा देणे लिहू नका, कारण भाषणाला फाटा दिला म्हणजे भाषण टाळलं. आणि फोर्कच्या मागोमाग येणारा एक्झेक म्हणजे खोली नंबर तोच पण भाडेकरू नवा, प्रोसेसचा नंबर बदलत नाही आणि आत चालणारा प्रोग्राम मात्र पूर्ण बदलतो.

एका प्रोसेसचं आउटपुट दुसरीपर्यंत नेतो त्या पाइपला वाहिनी नको, वाहिनी आता टीव्हीची झालीय. युनिक्समध्ये पाइप १९७३ साली आला, युनिक्स घडवणाऱ्यांपैकी डग मॅकिलरॉय यांनी तो बरीच वर्षं लावून धरला होता आणि केन थॉम्पसन यांनी लिहिला, आणि मॅकिलरॉय यांच्या डोक्यात बागेला पाणी घालायची नळीच होती, त्यामुळे पाइप किंवा नळी दोन्ही अगदी योग्य. पण खरी गंमत नावापेक्षा क्रियापदात आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या एका कामात पायथॉनमधून पीडीएफ बनवणारा दुसरा प्रोग्राम सोडला होता, त्याचं आउटपुट पाइपमध्ये घेतलं होतं आणि पुढच्याच ओळीत वेट. टेस्टिंगला छान चालायचं, महिनाअखेरीस मोठी फाइल आली की जागच्या जागी थांबायचं, एरर नाही, काही नाही. दोन दिवस मी लॉग बघत होतो. शेवटी कल्याणहून येणारा एक सहकारी मागे उभा राहून म्हणाला, अरे पाइप तुंबलाय, तू उपसतच नाहीयेस. एका वाक्यात सगळं आलं! लिनक्सवर पाइपमध्ये सहसा ६४ केबी मावतात, लेकीने तेवढं भरलं की ती पुढचं लिहायला जागा होईपर्यंत थांबते, आणि आई लेक संपायची वाट बघत थांबलेली, त्यामुळे उपसणारं कोणीच नाही. लहान फाइलला ६४ केबी भरतच नव्हते म्हणून टेस्टिंगमध्ये कळलं नाही. तुंबणे, उपसणे आणि दोघींनी एकमेकींसाठी अडून राहणं म्हणजे कोंडी, हे तीन शब्द पावसाळ्यातल्या ठाणेकराला शिकवायला नकोत. डेडलॉकला कोंडी लिहा, शीळफाट्याची कोंडी सगळ्यांनी भोगलेली आहे.

आणि शेवटचं कम्युनिकेट, म्हणजे पायथॉनमधलं, ज्याने माझी ती कोंडी सुटली. त्याला संवाद म्हणणं मला चुकीचं वाटतं कारण संवादात तू बोल, मग मी बोलतो, परत तू असं चालतं. कम्युनिकेट तसं करत नाही. ते आपलं काय सांगायचं ते लेकीच्या इनपुटमध्ये एकदाच घालतं, तिकडचं तोंड बंद करतं, तिचं आउटपुट आणि एररचं आउटपुट असे दोन्ही पाइप शेवटपर्यंत उपसत राहतं आणि ती संपली की तिचा आकडा घेऊन नाव कमी करतं. त्यानंतर तिला परत काही सांगता येत नाही. यासाठी मला निरोप हा शब्द फार आवडतो, कारण आपण निरोप सांगतोही आणि निरोप घेतोही, आणि इथे दोन्ही एकाच हाकेत होतं. ज्या ठिकाणी खरोखर एकेक ओळ पाठवून एकेक उत्तर घ्यायचं असतं, तिथे आपण स्वतः पाइपमध्ये लिहितो आणि वाचतो, त्याला बोलणं म्हणा, संवाद म्हणा, काहीही चालेल. पण कम्युनिकेटच्या पुढे कंसात निरोप लिहून बघा, आणि वर्गात पुढच्या वेळी काय होतं ते मला नक्की कळवा.