भाड्याच्या परवडणाऱ्या घरांचा नकाशा तपासताना काय बघावं?

घोडबंदर रोडजवळच्या प्रस्तावित भाड्याच्या घरांचा नकाशा हातात आलाय, त्यात काय तपासू, असं तुम्ही विचारलंय. रंगीत चित्र बाजूला ठेवा. त्यातली झाडं सहसा कागदावरच राहतात. आधी एका मजल्याचा नकाशा उघडा. दोन्ही बाजूंना दारं आणि मधे बंद बोळ असेल, तर भर दुपारी दिवे लागतात आणि खोलीत आरपार वारा येत नाही. बोळाची टोकं उघडी आहेत का, हे आधी बघा. मजल्यावर किती खोल्या आणि किती लिफ्ट, तेही मोजा.

मग क्षेत्रफळ. एमएमआरडीएच्या (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) २००८ च्या भाडेघर योजनेत खोली १६० चौरस फुटांची होती, चौघांच्या कुटुंबाला फारच तोकडी. केंद्राच्या २०२० च्या भाडेघर योजनेत एका बेडरूमच्या घराला ३० चौरस मीटरपर्यंत कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, होती, पण ती कमाल मर्यादा, हमी नव्हे.

डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीत, प्लंबर शिरू शकतो का? माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. शिरता आलं नाही, तर दुरुस्तीसाठी भिंत फोडावी लागते. भाडेकरू स्वतःच्या खर्चाने ती फोडणार नाही, मालक टाळाटाळ करणार, आणि गळती खालच्या मजल्यावर उतरणार.

आणि हो, जुलैत कपडे कुठे वाळणार, तेही विचारा.