विकत घेतलेल्या यादीला मेल पाठवले आणि खाली अनसबस्क्राइबची लिंक दिली, तर ते स्पॅम ठरतं का?

तुमचा प्रश्न असा आहे: एक एजन्सी २०,००० ईमेल पत्त्यांची यादी विकते आहे, सगळे पत्ते ‘ऑप्ट-इन’, म्हणजे आपणहून होकार दिलेल्यांचे, असल्याचं सांगते आहे. तुमचा माल अस्सल आहे आणि प्रत्येक मेलखाली अनसबस्क्राइबची लिंकही असेल. मग याला परवानगीचं मार्केटिंग का म्हणू नये?

कारण त्या २०,००० जणांपैकी एकानेही तुम्हाला होकार दिलेला नाही. त्यांनी कधीतरी कुठल्या तरी फॉर्मवर खूण केली असेलही, पण ती दुसऱ्या कुणाला तरी, दुसऱ्याच कशासाठी तरी. होकार विकत घेता येत नाही. यादी हातात आली म्हणजे पत्ते आले, एवढंच.

मी बरीच वर्षं लहान व्यवसायांसाठी न्यूजलेटर पाठवण्याचं काम करतो, आणि ‘आमचा माल चांगला आहे, मग तो स्पॅम कसा?’ हा प्रश्न मला सतत ऐकू येतो. मालाचा इथे संबंधच नाही. स्पॅम पाठवणाऱ्यांच्या याद्या ठेवणारी स्पॅमहाउस ही संस्था दोनच गोष्टी बघते: मेल न मागता आला आहे का, आणि तो घाऊक पाठवला आहे का. दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर तो स्पॅम. मजकूर काय आहे ते बघायची गरज नाही. पहिला स्पॅम म्हणून ज्याचा दाखला देतात तो ३ मे १९७८ चा मेलही फसवणुकीचा नव्हता. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या नावाजलेल्या कंपनीतले गॅरी थर्क यांनी अर्पानेटवरच्या, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या संगणक जाळ्यावरच्या, सुमारे ४०० जणांना नव्या संगणकांची खरीखुरी जाहिरात पाठवली होती. तरीही लोक भडकले, कारण कुणी ती मागितली नव्हती.

अनसबस्क्राइबची लिंक हवीच, पण ती परवानगीची जागा घेत नाही. न बोलावता कुणाच्या घरात शिरायचं आणि वर म्हणायचं, ‘नको असेन तर सांगा, जातो’, असा तो प्रकार आहे.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण इथेच गोंधळ होतो. अमेरिकेचा २००३ चा कॅन-स्पॅम कायदा आधी संमती घ्या असं म्हणत नाही. खोटा विषय नको, टपालाचा खरा पत्ता द्या, आणि कुणी ‘थांबवा’ म्हटलं तर कामाच्या १० दिवसांत थांबवा, एवढ्यावर तो बऱ्यापैकी भागवतो. म्हणजे तिथे कायद्यात बसणारा मेलही स्पॅम असू शकतो. युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्यानुसार संमती घेतल्याचा पुरावा तुमच्याकडे लागतो आणि आधीच खूण केलेला चौकोन संमती धरला जात नाही. कॅनडाचा २०१४ पासूनचा कायदाही आधी संमती मागतो. तिथे कुणी तुमच्याकडून खरेदी केली असेल तर त्या व्यवहारानंतर दोन वर्षं संमती गृहीत धरायची मुभा आहे.

पण खरं सांगायचं तर कायद्याच्या आधी तुम्हाला जीमेल आणि याहू अडवतील. दिवसाला ५,००० च्या आसपास किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांसाठी गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून नियम कडक केले. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (मेल खरंच तुमच्याकडूनच आला हे तपासायच्या तांत्रिक सोयी) लागतात, प्रचाराच्या मेलमध्ये एका क्लिकवर बाहेर पडायची सोय लागते, आणि ‘हा स्पॅम आहे’ अशा तक्रारी ०.३ टक्क्यांपर्यंत पोचता कामा नयेत. हजारात तीन माणसं! विकत घेतलेल्या यादीवर हा आकडा पहिल्याच मेलला ओलांडला जाऊ शकतो. त्यात अशा याद्यांमध्ये बंद पडलेले पत्ते भरपूर असतात, ते बाउन्स होतात, म्हणजे मेल न पोचता परत येतात. आणि काही पत्ते तर निव्वळ सापळे असतात. ते कुणाही माणसाचे नसतात, त्यामुळे त्यांनी तुमच्याकडे नाव नोंदवलं असणं शक्यच नसतं. तिथे तुमचा मेल पोचला की पत्ता होकाराशिवाय उचलला आहे हे उघड होतं.

मग तुमच्या डोमेनची, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाची, पत घसरते, आणि याचं मला सगळ्यात वाईट वाटतं. कारण त्यानंतर ज्या ग्राहकाने आपणहून ऑर्डर दिली, त्याचं बिलसुद्धा स्पॅम फोल्डरमध्ये जायला लागतं.

परवानगीचं काम संथ असतं, पण अवघड नाही. फॉर्मवर स्पष्ट लिहा: काय पाठवणार, किती वेळा पाठवणार. चौकोन रिकामा ठेवा, खूण नाव नोंदवणाऱ्यालाच करू द्या. मग खात्रीचा एक मेल पाठवा आणि त्यातली लिंक दाबल्यावरच नाव यादीत घ्या. दुसऱ्याचा पत्ता टाकणारे आणि स्पेलिंग चुकवणारे इथेच गळतात. कोणी, कधी, कुठल्या फॉर्मवरून होकार दिला याची नोंद ठेवा. बिलासाठी दिलेला पत्ता ऑफरसाठी वापरू नका, आणि महिन्यातून एकदा म्हणून सांगितलंत तर रोज पाठवू नका. माणूस जेवढ्याला ‘हो’ म्हणाला, तेवढ्यालाच ते ‘हो’ आहे.

‘मग या २०,००० जणांना निदान परवानगी मागणारा एक मेल पाठवू का?’ हे तुम्ही पुढे विचाराल. नको. तो मेलही न मागता, घाऊकच जाणार. ती यादी घेऊच नका. तुमचे स्वतःचे जुने ग्राहक असतील तर गोष्ट वेगळी. त्यांच्या देशाचा कायदा मुभा देत असेल, तर त्यांना थोड्याथोड्या गटांनी एकदाच लिहा: तुम्ही आमच्याकडून काय घेतलं होतं, आता आम्ही काय पाठवू इच्छितो, हवं असेल तर ही लिंक दाबा. जे दाबणार नाहीत, त्यांची नावं काढून टाका.