‘रन’ म्हणजे केवळ धावणे नव्हे

प्रश्न : शाळेत ‘रन’ म्हणजे ‘धावणे’ एवढेच शिकलो. आता इंग्रजी वाचू लागल्यावर ‘शी रन्स अ स्कूल’, ‘हिज नोज इज रनिंग’, ‘द रोड रन्स अलाँग द रिव्हर’ अशी वाक्ये समोर येतात. शब्दकोश उघडावा, तर अर्थांची यादी संपता संपत नाही. हे सगळे अर्थ पाठ करायचे की त्यांना जोडणारे काही सूत्र आहे?

उत्तर : पाठांतराच्या वाटेला जाऊ नका. ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’च्या १९२८ साली पूर्ण झालेल्या पहिल्या आवृत्तीत सर्वाधिक अर्थांचा मान ‘सेट’कडे होता. पुढे कोशाच्या नव्या आवृत्तीसाठी संपादक पीटर गिलिव्हर यांनी ‘रन’ची नोंद नव्याने लावली तेव्हा त्यांना या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ वेगळे काढावे लागले, आणि त्या कामात सुमारे नऊ महिने गेले. एवढे अर्थ कोणताही इंग्रजी भाषक डोक्यात घेऊन फिरत नाही, तरीही त्याचे अडत नाही, कारण मुळाशी असलेली कल्पना त्याला लहानपणापासून अंगवळणी पडलेली असते.

ती कल्पना पायांनी धावण्याची नाही, तर अखंड चालू राहणाऱ्या गतीची आहे. जुन्या इंग्रजीतील मूळ क्रियापदाला ‘धावणे’ आणि ‘वाहणे’ हे दोन्ही अर्थ होते. जर्मन भाषेत आजही ‘रेनन’ म्हणजे धावणे आणि ‘रिनन’ म्हणजे वाहणे अशी एकाच कुळातली दोन क्रियापदे नांदत आहेत. त्यामुळे नाक ‘रन’ होते किंवा नळ ‘रन’ होतो तेव्हा धावण्याच्या अर्थाची ओढाताण झाली आहे असे मुळीच नाही. वाहण्याचा अर्थही तितकाच जुना आहे. धुताना कपड्याचा रंग जातो, त्यालाही इंग्रजीत ‘रन’च म्हणतात. नदीकाठचा रस्ता जागचा हलत नाही, पण त्यावरून आपली नजर पुढे पुढे जाते, म्हणून तो ‘रन्स’. आपणही ‘हा रस्ता नदीकाठाने जातो’ असेच म्हणतो, आणि त्यात आपल्याला काही वावगे वाटत नाही.

खरी अडचण दुसरीकडे आहे. मराठीत ‘चालणे’ आणि ‘चालवणे’ ही रूपे वेगळी आहेत. इंग्रजीत ‘रन’ दोन्ही कामे करते. ‘द मशीन रन्स’ म्हणजे यंत्र चालते, तर ‘शी रन्स द मशीन’ म्हणजे ती यंत्र चालवते. पुढे कर्म आले की ‘रन’चा अर्थ बहुतेक वेळा ‘चालवणे’ होतो, एवढे ध्यानात ठेवले तरी शाळा, दुकान, संस्था, संगणकावरचा प्रोग्रॅम या सगळ्यांचा उलगडा होतो. अपवाद आहेतच : ‘रन अ फीव्हर’ म्हणजे अंगात ताप असणे, तेथे कोणी काही चालवत नसते.

निवडणुकीच्या बाबतीत मात्र गंमत आहे. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी ‘रन’ करतो, ब्रिटनमध्ये तो ‘स्टँड’ करतो. मराठी उमेदवारही निवडणुकीला उभाच राहतो, त्यामुळे ब्रिटिश प्रयोग आपल्याला अधिक जवळचा वाटतो.

‘रन’ला छोटी अव्यये जोडून होणारे प्रयोग मात्र एकेक करून शिकावे लागतात. त्यांतला ‘रन आउट ऑफ’ मराठी माणसाला सर्वाधिक चकवतो. दूध संपल्यावर इंग्रजी भाषक ‘वी रॅन आउट ऑफ मिल्क’ म्हणतो. संपलेले असते दूध, पण वाक्याच्या कर्त्याच्या जागी बसतो ‘आम्ही’. मराठीत संपणारी वस्तूच कर्ता असते, म्हणून हे वाक्य आपल्या तोंडी सहज येत नाही. ‘द मिल्क रॅन आउट’ हेही इंग्रजी बरोबरच आहे. मात्र त्यात ‘ऑफ’ येत नाही. ‘रन इनटू’पुढे ओळखीचा माणूस आला तर अर्थ अचानक गाठ पडणे, भिंत आली तर आदळणे. ‘रन ओव्हर’ जपून वापरावे : बैठक ‘रन ओव्हर’ झाली म्हणजे ठरल्या वेळेपेक्षा लांबली, पण माणसाला गाडीने ‘रन ओव्हर’ केले म्हणजे त्याच्या अंगावरून गाडी गेली.

प्रश्न : ‘ही हॅज रॅन’ हे बरोबर की ‘ही हॅज रन’?

उत्तर : ‘ही हॅज रन’. ‘रॅन’ हे रूप फक्त साध्या भूतकाळात येते. ‘हॅज’, ‘हॅव’ किंवा ‘हॅड’ आले की पुन्हा मूळचेच ‘रन’ वापरावे. ‘कम’ आणि ‘बिकम’ यांचेही तसेच आहे. लिहिताना ‘रनिंग’मध्ये ‘आयएनजी’च्या आधी ‘एन’ हे अक्षर दोनदा येते, तेही विसरू नये.