सुळा आला नाही आणि रिपोर्टात 'ट्यूमर' लिहिलंय

प्रश्न: डॉक्टर, माझी मुलगी १४ वर्षांची आहे. वरचा डावा सुळा अजून आलाच नाहीये, दुधाचा दात तसाच आहे. चार-पाच महिने झाले, नाकाच्या बाजूला गाल फुगल्यासारखा दिसतो, पण दुखत अजिबात नाही. एका दवाखान्यात दोनदा अँटिबायोटिकचा कोर्स झाला, काही फरक नाही. आता ओपीजीच्या (पूर्ण जबड्याच्या एक्स-रेच्या) रिपोर्टात 'सिस्ट किंवा एओटी, ओडोंटोजेनिक ट्यूमर' असं आलंय. कॅन्सर तर नसेल ना? जबडा काढावा लागेल का? — एक आई, बार्शी

उत्तर: ताई, आधी पोटभर जेवा आणि शांत झोपा. ट्यूमर म्हणजे गाठ, एवढंच, आणि एओटी म्हणजे ॲडिनोमॅटॉइड ओडोंटोजेनिक ट्यूमर ही दात तयार करणाऱ्या पेशींमधून होणारी साधी गाठ आहे, कॅन्सर नाही. आम्हाला कॉलेजात ही 'दोन तृतीयांशवाली गाठ' म्हणूनच शिकवतात, कारण साधारण तेवढ्या केसेस मुलींमध्ये, तेवढ्याच वरच्या जबड्यात, तेवढ्याच हाडात अडकलेल्या सुळ्याभोवती, आणि वय बहुतेक १० ते १९. तुमची मुलगी यात बरोबर बसते. पण पत्र वाचून मी नक्की सांगू शकत नाही, ते बायॉप्सीच, म्हणजे गाठीची लॅबमधली तपासणीच सांगणार.

तो ओपीजी एकदा उजेडासमोर धरून बघा. साध्या सिस्टचा, म्हणजे पाण्याच्या पिशवीचा, काळा गोल बहुतेक दाताच्या मानेपाशीच संपतो, म्हणजे दाताचं फक्त डोकं आत. एओटीत तो काळेपणा बऱ्याचदा पुढे मुळापर्यंत गेलेला असतो आणि आत बारीक पांढरे ठिपके, रवा सांडल्यासारखे. ओपीजीत ते कधीकधी दिसत नाहीत, म्हणून सर्जन सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन सांगतील, तो करून घ्या. नंतर सुई घालून आतलं पाणी ओढून बघतात, रक्तवाहिन्यांची गाठ नाही ना याची खात्री करायला, त्याला घाबरू नका.

एओटीच निघाली तर तिला जाड कवच असतं, त्यामुळे ती सालीसकट अख्खी सुटून येते. जबडा कापायचा प्रश्नच नाही. परत होणं फारच क्वचित. अडकलेला सुळा बहुतेकदा गाठीबरोबरच काढावा लागतो, पण जागा चांगली असेल तर कधी तारा लावून खाली ओढता येतो, हे ऑपरेशनआधीच दातांना तारा लावणाऱ्या डॉक्टरांना (ऑर्थोडोंटिस्टना) विचारा.

बायॉप्सीवर मी एवढा जोर देतेय त्याला कारण आहे. अमेलोब्लास्टोमा नावाची दुसरी गाठसुद्धा साधीच, जास्त करून खालच्या जबड्यात मागे होते, पण ती नुसती खरवडून काढली तर परत येते, मग ऑपरेशन मोठं होतं. म्हणून काढलेली गाठ पूर्ण लॅबला गेली पाहिजे आणि तो रिपोर्ट तुमच्या हातात आला पाहिजे.

खर्चाची अडचण असेल तर छत्रपती संभाजीनगर किंवा मुंबईच्या सरकारी डेंटल कॉलेजात जा. सहामाही परीक्षा झाल्यावर गेलात तरी चालेल, वर्षभर मात्र लांबवू नका, कारण गाठ हळूहळू वाढत शेजारचे दात सरकवते.