नागपुरात सर्वसामान्यांसाठी विज्ञान व्याख्यानं आणि निसर्गभ्रमंती कुठे होतात?

व्याख्यानांसाठी गांधीसागरजवळचं रमण विज्ञान केंद्र गाठा, आणि पक्षी बघायला अंबाझरी किंवा गोरेवाडा तलाव. दोन्हीकडे मी लेकीला घेऊन जात असतो. दोन तारखा लक्षात ठेवा:

- 28 फेब्रुवारी, राष्ट्रीय विज्ञान दिन
- 5 ते 12 नोव्हेंबर, पक्षी सप्ताह (वन्यजीव लेखक मारुती चितमपल्ली यांच्या जयंतीपासून पक्षितज्ज्ञ सलीम अली यांच्या जयंतीपर्यंत)

या दिवसांच्या आसपास कार्यक्रम हमखास असतात. हिवाळ्यात सकाळी सातच्या आत तलावावर पोहोचा. वारकरी पक्षी उडण्याआधी पाण्यावर टपटप पाय मारत धावतो, ते पाहून लहान मूल जागचं हलत नाही. फक्त एप्रिल-मे सोडा, आपल्या उन्हात भ्रमंती जवळपास बंदच असते. वेळा बदलतात, म्हणून केंद्रात आधी विचारून जा.