नोनाचा पिरुन आणि नातीची विलित्सा

प्रश्न : मुलगा स्लोव्हेनियात कोपरजवळ एका खेड्यात भाड्याने राहतो. घरमालकीण आजी ८५ च्या, त्या जेवायच्या काट्याला 'पिरुन' म्हणतात आणि टॉवेलला 'शुगामान'. नात मात्र 'विलित्सा' आणि 'ब्रिसाचा' म्हणते. आजीचे शब्द इटालियन आहेत म्हणे, आणि नातीला तर शाळेत इटालियन होतं! मग उलटं कसं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : गंमत अशी की आजींचे शब्द शाळेतल्या इटालियनचे नाहीतच, ते व्हेनिसच्या बोलीतले. कोपर (आपल्या हाताचं नव्हे, गावाचं नाव) १२७९ पासून १७९७ पर्यंत व्हेनिसच्या ताब्यात होतं, बाजारहाट, बंदर, कोर्टकचेरी सगळं त्या बोलीत, त्यामुळे आसपासच्या स्लोव्हेन खेड्यांत शब्द आले ते बाजारातून नि शेजारणींकडून, पुस्तकातून नाही. पुस्तकी इटालियनमध्ये काट्याला 'फोर्केत्ता' म्हणतात, टॉवेलला 'अश्शुगामानो'. म्हणजे नात शाळेत इटालियन कितीही शिकली तरी तिला तिथे 'पिरुन' काही भेटणार नाही.

शिवाय दुसऱ्या महायुद्धानंतर तिथले बहुतेक इटालियन घरदार सोडून निघून गेले. १९५४ मध्ये तो पट्टा युगोस्लाव्हियाकडे गेला (स्लोव्हेनिया तेव्हा त्याचाच भाग), मग शाळा, रेडिओ, ऑफिस सगळीकडे प्रमाण स्लोव्हेन, म्हणजे नातीचे 'विलित्सा' आणि 'ब्रिसाचा'. 'पिरुन' बोलणारी शेजारीणच उरली नाही तर शब्दाला खतपाणी कोण घालणार? मधली पिढी, म्हणजे नातीची आई, बहुतेक दोन्ही वापरत असेल, घरात पिरुन, बाहेर विलित्सा. मुलाला जरा कान देऊन ऐकायला सांगा.

पण आजी बोलतात ते इटालियन आहे असंही समजू नका हं. स्लोव्हेनमध्ये एकवचन-अनेकवचनाच्या मध्ये द्विवचन आहे, आपल्या संस्कृतसारखं, आणि पाहुणा शब्दही त्यातून सुटत नाही. दोन काटे 'द्वा पिरुना', तीन झाले की 'त्रिये पिरुनी', आणि काट्याने खायचं तर 'स पिरुनोम'. आपण पोर्तुगीजांची 'चावी' घेतली, 'चाव्या' केल्या, 'चावीने' कुलूप उघडलं, तसंच झालं हे. काही शब्द तर इतके मुरलेत की प्रमाण भाषेतच जाऊन बसले. कमी पडणे, नसणे या अर्थाचं त्यांचं 'मान्काती' हे इटालियन 'मान्कारे'वरून आलेलं, पण आज ते कुणाला परकं वाटत नाही.

आणि सगळे शब्द एकाच वेगाने जातात असंही नाही. काटा, टॉवेल या वस्तू दुकानात पाटीवर प्रमाण नावानेच विकल्या जातात, म्हणून ते शब्द आधी पडतात. आजीला हाक मारायला पाटी लागत नाही. तीच नात विलित्साने जेवते, ब्रिसाचाने हात पुसते, पण आजीला 'बाबित्सा' न म्हणता 'नोना'च म्हणत असेल, कारण त्या सगळ्या किनारपट्टीवर नोना (आजी) आणि नोनो (आजोबा) हे शब्द अजून ठणठणीत आहेत. पैज लावायला हरकत नाही!